विष, शस्त्र की निरोप? ॲलर्जीच्या पेशीतील एका रेणूचा इतिहास



तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने मास्ट पेशी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्यावर का बोलावे, असा प्रश्न विषय वाचून काही जणांना पडला असेल. आमचे उत्तर साधे आहे. एक फार जुना प्रश्न आम्हाला या इतिहासात नव्याने भेटला. समोर दिसणारी गोष्ट ही खूण आहे की नुसता कचरा, हे ठरवायचे कसे? नैयायिकांचा डोंगरावरचा धूर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. चुलीपाशी बसलेल्या माणसाला धूर म्हणजे डोळ्यांची आग, जळणाचा टाकाऊ भाग. लांबून डोंगराकडे पाहणाऱ्याला तोच धूर 'तिथे अग्नी आहे' असे सांगतो. धुरात काही फरक पडलेला नसतो. पाहणाऱ्याने त्याला कोणत्या खात्यात टाकले, यावर सगळे अवलंबून.

विसाव्या शतकात हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाबतीत नेमके हे घडले. आधी तो विष ठरला, मग शस्त्र, आणि शेवटी पेशीच्या आतला निरोप. हा शेवटचा बदल व्हायला जो वेळ लागला तो उपकरणांच्या अभावामुळे फारसा लागला नाही, खात्याच्या नावामुळे लागला, असे आमचे मत आहे. ते आज आपल्यापुढे मांडतो. पटले नाही तर शेवटी भांडा.

तर आधी या रेणूची ओळख. १८१८ साली पॅरिसमध्ये लुई जॅक थेनार यांनी तो प्रथम तयार केला. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू जादा, एवढेच. औषधांच्या दुकानात तपकिरी बाटलीत मिळतो, केस पिंगट करायला वापरतात, आणि जखमेवर ओतला की पांढरा फेस येतो. लहानपणी तो फेस पाहून 'जंतू मरताहेत' असे आपल्याला सांगितले जाई. खरे म्हणजे तो फेस ऑक्सिजनचा. आपल्याच पेशींतले एक एन्झाइम (शाळेच्या पुस्तकातले 'विकर') त्या पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकत असते. ऑस्कर ल्यूव्ह यांनी १९०१ मध्ये त्याला कॅटलेज हे नाव दिले. हे एन्झाइम इतके वेगवान आहे की त्याचा एक रेणू सेकंदाला लाखो पेरॉक्साइड रेणू फोडतो. यावरून शास्त्रज्ञांनी जो निष्कर्ष काढला तो अगदी व्यवहारी होता: दारावर एवढा कडक पहारेकरी ठेवला आहे, त्या अर्थी येणारा चोरच असणार.

हे अनुमान लक्षात ठेवा. आता जरा दुसरीकडे जाऊ, ॲलर्जीच्या पेशीकडे.

१८७८ साली लाइपझिग विद्यापीठात पाउल एर्लिख या चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने डॉक्टरकीचा प्रबंध सादर केला. विषय होता ऊतींना रंग देण्याची पद्धत. ॲनिलीनपासून बनलेले नवे रंग तेव्हा कापडाच्या धंद्यात आले होते, ते एर्लिख यांनी सूक्ष्मदर्शकाखाली आणले. संयोजी ऊतीत त्यांना दाणेदार पेशी दिसल्या. दाणे इतके ठासून भरलेले, की ही पेशी चांगली खाऊनपिऊन टंच झालेली आहे असे त्यांना वाटले. जर्मनमध्ये गुरांना चारून पुष्ट करण्याला 'मास्ट' म्हणतात. म्हणून नाव पडले मास्टझेलन, आपल्या मास्ट पेशी. पुढे कळले की ते दाणे पेशीने खाल्लेले नाहीत, तिने बाहेर फेकण्यासाठी तयार करून ठेवलेले आहेत. म्हणजे समज अगदी उलटा. कोठाराला आपण पोट समजलो! पण नाव राहिले ते राहिलेच.

ते दाणे कशाचे, हे कळायला पाऊणशे वर्षे गेली. मधला काळ थोडक्यात सांगतो, कारण त्यातले काही प्रसंग आपण इतरत्र वाचले असतील. १९०१ च्या उन्हाळ्यात मोनॅकोचा राजा पहिला अल्बर्ट याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिये हे दोघे समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करायला गेले. पॅरिसला परतल्यावर समुद्रपुष्पाच्या विषाचा अर्क त्यांनी कुत्र्यांना टोचला. हेतू असा, की थोड्या थोड्या विषाने कुत्रा सरावेल. नेपच्यून नावाचा एक धडधाकट कुत्रा पहिल्या मात्रेतून सुखरूप बाहेर पडला. साधारण तीन आठवड्यांनी त्याला पुन्हा थोडी मात्रा दिली, आणि तो पंचवीस मिनिटांत मेला. संरक्षणाच्या नेमके उलट घडले, म्हणून नाव दिले अनॅफिलॅक्सिस. १९१३ चे नोबेल रिशे यांना त्यासाठी मिळाले. १९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'ॲलर्जी' हा शब्द घडवला. त्यांच्या मनात अर्थ होता 'बदललेली प्रतिक्रिया', मग ती चांगली असो की वाईट. आज आपण 'मला त्या माणसाची ॲलर्जी आहे' म्हणतो, तेव्हा त्यातला चांगला अर्धा भाग पार गळून पडलेला असतो.

१९२१ मध्ये ब्रेस्लाऊ इथे कार्ल प्राउस्निट्झ यांनी हाइन्झ क्युस्टनर यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. क्युस्टनर यांना शिजवलेले मासे चालत नसत. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तर प्राउस्निट्झ यांच्या कातडीवर गांध उठली. म्हणजे ॲलर्जी रक्तातून एकाची दुसऱ्याला देता येते. रक्तातला तो पदार्थ कोणता, हे ठरले १९६६ मध्ये. डेन्व्हरमध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने तो वेगळा ओळखला, पुढच्या वर्षी स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिख यांना तोच दुसऱ्या वाटेने सापडला, आणि १९६८ मध्ये त्याला 'आयजी-ई' प्रतिपिंड असे नाव मिळाले. त्याआधी, १९५३ च्या सुमारास, स्कॉटलंडमधल्या डंडी इथे जेम्स रायली आणि जॉफ्री वेस्ट यांनी दाखवले होते की मास्ट पेशींच्या दाण्यांत हिस्टामीन भरलेले असते. हेन्री डेल यांनी १९१० पासून ज्या हिस्टामीनचा अभ्यास चालवला होता, तेच हे.

आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की 'पित्त उठलं' म्हणतात आणि आमसुलाचं पाणी लावतात. पित्ताचा बिचाऱ्याचा त्यात काही हात नाही. कातडीतल्या मास्ट पेशींनी हिस्टामीनचे दाणे सांडलेले असतात. पण हेही एक खातेच. एकदा 'पित्त' म्हटले की आपण यकृताकडे आणि जागरणाकडे बघतो, कातडीकडे बघत नाही.

असो. मास्ट पेशीचे चित्र १९६८ पर्यंत असे झाले: पेशीच्या पृष्ठभागावर आयजी-ई बसलेले, परागकण किंवा माशाचे प्रथिन आले की दोन आयजी-ई एकत्र ओढले जातात, आणि पेशी दाणे ओतते. पण पृष्ठभागावरची ओढ आत कशी पोचते? दारावरची घंटा वाजली हे माजघरात कोण सांगतो? हा खरा कूटप्रश्न, आणि आपला रेणू इथेच येणार आहे. मात्र त्याला यायला उशीर झाला, कारण तेव्हा तो दुसऱ्याच कामावर नेमला गेला होता.

ते दुसरे काम शस्त्राचे. १९३३ मध्ये बॉल्ड्रिज आणि जेरार्ड यांच्या लक्षात आले की पांढऱ्या पेशी जंतू गिळताना एकदम जास्त ऑक्सिजन घेतात. खाण्याला श्रम पडतात, म्हणून श्वास जास्त, असा सरळ अर्थ लावला गेला. १९५९ मध्ये स्बारा आणि कार्नोव्स्की यांनी दाखवले की गिळण्याची ऊर्जा त्या श्वासातून येतच नाही. पेशीचा नेहमीचा श्वास सायनाइडने थांबतो, पण हा जादा श्वास सायनाइडला दाद देत नाही. मग तो ऑक्सिजन जातो कुठे? १९६१ मध्ये अय्यर, इस्लाम आणि क्वास्टेल यांनी सांगितले: त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड होते.

त्याच सुमारास मिनेसोटातल्या डॉक्टरांनी १९५७ मध्ये काही लहान मुलग्यांचा एक आजार नोंदवला होता. साध्यासुध्या जंतूंनी त्यांना पुन्हा पुन्हा गळवे येत आणि ती मुले लहानपणीच दगावत. त्यांच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळत होत्या, अगदी व्यवस्थित गिळत होत्या. पण १९६७ मध्ये कळले की गिळलेला जंतू आत जिवंतच राहत होता. त्या पेशींना पेरॉक्साइड करता येत नव्हते. ज्या एन्झाइमने ते होते त्याला आज एनएडीपीएच ऑक्सिडेज म्हणतात. त्याच्या एका भागाचे जनुक या मुलांत बिघडलेले होते, आणि १९८६ मध्ये ते जनुकही सापडले. पेरॉक्साइड शस्त्र आहे याला यापेक्षा सबळ पुरावा काय हवा? इथे एक सांगून ठेवतो, कारण इतिहास सांगणाऱ्याला मागच्यांना मूर्ख ठरवण्याचा मोह फार होतो. 'शस्त्र' हे खाते खोटे नव्हते. त्या मुलांच्या मृत्यूंनी ते सिद्ध केले होते. अडचण एवढीच झाली की ते फार पक्के झाले.

आणि विषाचे खातेही बंद झाले नव्हते. १९५४ मध्ये रेबेका गेर्शमन यांनी मांडले की ऑक्सिजनची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा या दोहोंमागे एकच यंत्रणा आहे: मुक्त मूलके, म्हणजे एक इलेक्ट्रॉन सुटा पडल्यामुळे भुकेले झालेले रेणू. १९५६ मध्ये डेनम हार्मन यांनी म्हातारपणाचे खापरही त्यांच्याच माथी फोडले. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांना सुपरऑक्साइड नावाच्या मूलकाला निकामी करणारे खास एन्झाइम सापडले. पुन्हा तेच अनुमान झाले, पहारेकरी आहे म्हणजे चोर आहे. तिथून 'अँटिऑक्सिडंट' या शब्दाला जे तेज आले ते अजून ओसरलेले नाही. चहाच्या पाकिटापासून चेहऱ्याच्या क्रीमपर्यंत कुठेही पाहा.

आता १९७८ सालाकडे या. आमच्या मते या इतिहासाचे बिजागर इथे आहे. त्या वर्षी हेंडरसन आणि कॅलिनर यांनी एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात दाखवले की मास्ट पेशी आणि बेसोफिल पेशी उद्दीपित झाल्या की सुपरऑक्साइड तयार करतात. पुढच्याच वर्षी जपानमधून ओहमोरी आणि सहकाऱ्यांनी लिहिले की उंदराच्या मास्ट पेशींना बाहेरून हायड्रोजन पेरॉक्साइड दिले तर त्या हिस्टामीन सोडतात. दोन्ही बाजू समोर आल्या, बघा. घंटा वाजली की पेशी हा रेणू करते, आणि हा रेणू दिला की पेशी घंटा वाजल्यासारखी वागते. आज मागे वळून पाहताना वाटते, दोन आणि दोन चार करायला काय हरकत होती?

पण चार झाले नाहीत. सुपरऑक्साइडचा अर्थ लागला तो 'दाह वाढवणारा पदार्थ' असा, म्हणजे मास्ट पेशी बाहेर जो विध्वंस करते त्याचे आणखी एक साधन. पेरॉक्साइडने हिस्टामीन सुटते याचा अर्थ लागला 'पेशीला इजा झाली की ती दाणे सांडते' असा. दोन्ही निरीक्षणे कागदावर होती आणि दोन्ही बरोबर होती. ती आतल्या निरोपाच्या प्रश्नाशी जोडून पाहायला पंचवीस वर्षे लागली.

लुडविक फ्लेक हे नाव आपल्यापैकी थोड्यांनी ऐकले असेल. ते ल्वुवचे डॉक्टर, रक्तद्रवाच्या तपासण्या करणारे, म्हणजे आजच्या भाषेत प्रतिकारशास्त्रातलेच. १९३५ मध्ये त्यांनी वैज्ञानिक तथ्य कसे जन्माला येते यावर जर्मनमध्ये एक पुस्तक लिहिले, ज्याचे ऋण थॉमस कून यांनी पुढे उघडपणे मान्य केले. फ्लेक यांचा मुद्दा असा, की शास्त्रज्ञांच्या प्रत्येक समूहाची एक विचारशैली असते, आणि ती नुसती मते ठरवत नाही, काय दिसावे तेच ठरवते. आम्ही वर्गात हे पुस्तक शिकवायचो तेव्हा विद्यार्थी उदाहरण मागत, आणि त्यातले उपदंशाचे उदाहरण त्यांना लांबचे वाटे. १९७८ चा हा प्रसंग फ्लेक यांच्याच शास्त्रातला आहे आणि त्यांच्या बाजूने साक्ष देतो.

मग शैली बदलली कशी? बदल दुसऱ्या दोन दारांतून आला. पहिले दार वायूचे. नायट्रिक ऑक्साइड हा मोटारींच्या धुरातला घातक वायू. १९८० च्या दशकात दिसून आले की आपल्या रक्तवाहिन्यांचे अस्तरच तो तयार करते आणि वाहिनीला सैल होण्याचा निरोप देते. १९९८ चे नोबेल त्याला मिळाले. धुरातला वायू निरोप्या होऊ शकतो, तर मग इतरांना नाही कसे म्हणायचे?

दुसरे दार जास्त महत्त्वाचे, आणि इथे थोडे रसायन सोसावे लागेल. पेशीच्या आत निरोप देण्याची एक मोठी रीत म्हणजे प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का मारणे. शिक्का मारणाऱ्या एन्झाइमांना कायनेज म्हणतात, शिक्का पुसणाऱ्यांना फॉस्फटेज. टायरोसिन या अमिनो आम्लावरही शिक्का बसतो, हे १९७९ मध्ये सॉल्क संस्थेत टोनी हंटर यांना कळले, तेही ताजे द्रावण करण्याचा कंटाळा केल्यामुळे. जुन्या द्रावणाची आम्लता थोडी बदलली होती, त्यामुळे एरवी एकात एक मिसळणारे दोन ठिपके वेगळे पडले. त्यानंतर कायनेजांची नुसती झुंबड उडाली. मास्ट पेशीतही ती सापडली. आयजी-ईचा ग्राही ओढला गेला की 'लिन' हे कायनेज पहिला शिक्का मारते, त्या शिक्क्यावर 'सिक' येऊन बसते, सिक पुढच्या प्रथिनांवर शिक्के मारते, शेवटी पेशीत कॅल्शियम वाढते आणि दाणे सुटतात. सिक नसलेली मास्ट पेशी आयजी-ईच्या घंटेला उत्तरच देत नाही.

पण शिक्का पुसणारे? त्यांच्याकडे फारसे कुणी पाहिले नव्हते. टायरोसिनवरचा शिक्का पुसणारे एन्झाइम प्रथम शुद्ध स्वरूपात हाती आले ते १९८८ मध्ये, सिॲटलमध्ये निकोलस टॉन्क्स आणि एडमंड फिशर यांच्याकडे. आणि मौज अशी की या घराण्यातल्या प्रत्येक फॉस्फटेजच्या काम करणाऱ्या टोकाशी एक गंधकाचा अणू असतो, सिस्टीन या अमिनो आम्लातला. एरवी सिस्टीनचा गंधक आपला हायड्रोजन धरून शांत बसलेला असतो. इथला गंधक आजूबाजूच्या रचनेमुळे तो हायड्रोजन सोडून ऋणभारित झालेला असतो. त्यामुळेच त्याला फॉस्फेट काढता येते, आणि त्यामुळेच तो पेरॉक्साइडला चटकन बळी पडतो. पेरॉक्साइडचा एक ऑक्सिजन त्याला चिकटला की एन्झाइम थांबते.

थांबते, मरत नाही! १९९८ मध्ये डेनू आणि टॅनर यांनी दाखवले की गंधकवाली साधी संयुगे दिली की चिकटलेला ऑक्सिजन निघून जातो आणि एन्झाइम पुन्हा कामाला लागते. पेशीत ग्लुटाथायोनसारखे रेणू हेच काम करतात. ऑक्सिडीकरण आणि क्षपण, शाळेत आपण घोकलेली ही जोडी, इथे बटण चालू-बंद करण्यासारखी वापरलेली आहे. २००३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी पीटीपी१बी नावाच्या फॉस्फटेजची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. त्यात दिसले की ऑक्सिडीकरण झालेला गंधक शेजारच्या नायट्रोजनशी बंध जोडून स्वतःला एका कड्यात मिटून घेतो. हे कडे नंतर सोडवता येते. जास्त ऑक्सिजन चिकटून एन्झाइम कायमचे बाद होऊ नये, याची जणू सोय. विष ज्याला झोंबते ते भाजते. इथे तर झोंबणे आणि सावरणे दोन्ही बांधूनच ठेवलेले दिसले.

त्याआधी, १९९५ मध्ये, अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे टोरेन फिंकेल यांच्या गटाने रक्तवाहिनीच्या स्नायुपेशींवर निर्णायक प्रयोग केला होता. वाढीचा संकेत देणारे प्रथिन दिले की या पेशींत पेरॉक्साइड क्षणभर वाढते. पेशींत आधीच जादा कॅटलेज भरून ठेवले, तर तो संकेत पुढे जाईना. चोराला पकडले तर घरातले काम सुधारायला हवे होते, ते बंदच पडले.

आता मास्ट पेशी. २००३ मध्ये सुझुकी आणि सहकाऱ्यांनी, २००४ मध्ये स्विंडल, मेटकाफ आणि कोलमन यांनी तिच्याकडे या नव्या नजरेने पाहिले. ग्राही ओढला गेला की पेरॉक्साइड पेशीच्या आत तयार होते, आणि ते अडवले तर कॅल्शियमचा संकेत बिघडतो, दाह वाढवणाऱ्या पदार्थांची निर्मिती घटते. अर्थ असा लावला जातो: लिन आणि सिक शिक्के मारत असताना पुसणारे हात क्षणभर धरून ठेवले जातात. शिक्का टिकतो, निरोप पुढे जातो. मग पेरॉक्साइड ओसरते, हात मोकळे होतात, शिक्के पुसले जातात. १९७८-७९ ची दोन निरीक्षणे अखेर एकाच वाक्यात आली.

गोष्ट इथे संपवली असती तर ती छान गोळीबंद झाली असती, पण मग आम्ही तुम्हाला फसवले असते. लगेच दोन वाद उभे राहिले, आणि ते आम्हाला आवडतात, कारण त्यांत तर्कशास्त्र आहे.

पहिला वाद: मास्ट पेशीत हे पेरॉक्साइड येते कुठून? गिळणाऱ्या पेशींत एनएडीपीएच ऑक्सिडेज ते बनवते, मग इथेही तेच असणार, असे धरले गेले. पुरावा काय, तर डीपीआय नावाचे रसायन त्या ऑक्सिडेजला थांबवते, आणि डीपीआय दिले की मास्ट पेशीतले पेरॉक्साइडही थांबते. नैयायिक इथे लगेच विचारतील, व्याप्तीत उपाधी तर नाही ना? उपाधी होतीच. डीपीआय फ्लॅविनवाल्या एन्झाइमांच्या सगळ्या जातीलाच थांबवते. २००७ मध्ये स्विंडल आणि मेटकाफ यांच्याच गटाने तो ऑक्सिडेज चालूच शकत नाही असे उंदीर घेतले. त्यांच्या मास्ट पेशीही पेरॉक्साइड बनवत होत्या. या गटाने बोट दाखवले ते लिपिड फोडणाऱ्या दुसऱ्याच एन्झाइमांकडे, लिपॉक्सिजनेज आणि सायक्लोऑक्सिजनेज यांच्याकडे. शस्त्रागाराचा पत्ता निरोप्याच्या घरावर चिकटवलेला होता. म्हणजे खाते बदलल्यावरसुद्धा जुन्या खात्याचे सामान सोबत आलेच.

दुसरा वाद वेगाचा. पेशीत पेरॉक्सिरेडॉक्सिन नावाची प्रथिने भरपूर असतात आणि ती फॉस्फटेजच्या तुलनेत निदान दहा हजार पटींनी वेगाने पेरॉक्साइड गिळतात. मग फॉस्फटेजच्या वाट्याला उरणार काय? आक्षेप रास्त आहे आणि पूर्ण मिटलेला नाही. एक उत्तर २०१० मध्ये कोरियातल्या सू गू री यांच्या गटाने दिले: ग्राहीच्या अगदी आसपास सार्क घराण्यातली कायनेजे पेरॉक्सिरेडॉक्सिनवरच शिक्का मारून त्याला तेवढ्यापुरते बंद करतात, आणि पटलाजवळच्या चिंचोळ्या जागेत पेरॉक्साइड साचू शकते. तो प्रयोग मास्ट पेशीवरचा नव्हता. पण लिन त्याच घराण्यातले आहे.

यात आम्हाला पहारेकऱ्याचे जुने अनुमान उलटलेले दिसते. वर्गात डस्टर ठेवलेले असते म्हणून फळ्यावरचे लिखाण घाण ठरत नाही. मागचे पुसल्याशिवाय पुढचे लिहिता येत नाही, म्हणून डस्टर. कॅटलेज आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन यांच्याकडे असेही पाहता येते, हे १९०१ मध्ये कुणाला सुचणे शक्य नव्हते. १९७८ मध्ये शक्य होते.

याचा आपल्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध औषधाच्या दुकानात आहे. 'मुक्त मूलके वाईट, अँटिऑक्सिडंट चांगले' या एका वाक्यावर जगभर गोळ्या खपल्या. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ च्या जानेवारीत मध्येच थांबवावी लागली. दम्याचे रुग्ण घेऊन इंग्लंडमध्ये ई जीवनसत्त्वाची आणि सेलेनियमची चाचणी झाली, निकाल २००४ आणि २००७ मध्ये आले, उपयोग दिसला नाही. या अपयशांना कारणे अनेक असतील. पण निरोप आणि कचरा एकाच केरसुणीने झाडून काढला तर काय होईल, हा प्रश्न त्या चाचण्या आखताना फारसा विचारला गेला नव्हता, हे खरेच आहे. कुणी आज रात्री आपल्या गोळ्या फेकून द्याव्यात असे आम्ही सांगत नाही. ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि अनॅफिलॅक्सिसमध्ये उपयोगी पडते ते ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन, याबद्दल काही वाद नाही.

शिवाय दमेकऱ्याच्या फुप्फुसात मास्ट पेशीच्या शेजारी इओसिनोफिल असते. तीही एर्लिख यांनीच १८७९ मध्ये रंगवून दाखवलेली. तिच्यात एनएडीपीएच ऑक्सिडेज भरपूर, पेरॉक्साइड बाहेर ओतायचे आणि ऊतीला भाजून काढायचे हे तिचे कामच. म्हणजे हाताच्या अंतरावर, छे, केसाच्या अंतरावर, तोच रेणू एका पेशीत निरोप आणि दुसरीत शस्त्र. गोळीला हा भेद कळत नाही.

शेवटी एक हकिगत सांगून थांबतो. पेशीतले पेरॉक्साइड जिवंतपणी डोळ्यांनी पाहायची सोय २००६ मध्ये झाली. हायपर नावाचे एक चमकणारे प्रथिन बनवले गेले. त्यातला पेरॉक्साइड ओळखणारा भाग घेतला होता ई. कोलाय या जिवाणूकडून. त्या जिवाणूत ऑक्सि-आर नावाचे प्रथिन असते, पेरॉक्साइड आले की ते ऑक्सिडीकृत होते आणि बचावाची जनुके चालू करते. ज्याच्या अंगावर आपण हे शस्त्र टाकतो, तो जंतू त्याला खूण म्हणून वाचत होता! त्याचाच वाचक उसना घेऊन हार्वर्डमधल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये झेब्राफिश या इवल्याशा माशाच्या शेपटीला काप दिला आणि पाहत राहिले. काही मिनिटांत जखमेच्या कडेच्या साध्या त्वचापेशींनी पेरॉक्साइड तयार केले, तेव्हा एकही पांढरी पेशी तिथे पोचलेली नव्हती. पेरॉक्साइड पसरले, आणि मग त्या दिशेने पांढऱ्या पेशी निघाल्या. त्यांना ते कळते कसे, याचे उत्तर २०११ मध्ये विस्कॉन्सिनहून आले. पांढऱ्या पेशीतल्या एका कायनेजच्या ४६६ क्रमांकाच्या सिस्टीनवर पेरॉक्साइडचा ऑक्सिजन चिकटतो आणि ते कायनेज जागे होते. तो सिस्टीन बदलून टाकला तर पेशींची जखमेकडची ओढ कमी होते. त्या कायनेजचे नाव लिन. मास्ट पेशीत पहिला शिक्का मारते तेच.